पेटीचा अबोला

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘पेटीबद्दल काहीतरी लिहा’ असे संपादक भगिनींनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. पेटी वाजविणे निराळे आणि पेटीवर लेख लिहिणे निराळे. पण त्या म्हणाल्या, “मंगळवारी भजन संपल्यावर चहा होईपर्यंत तुम्ही ज्या गोष्टी सांगता, त्याच लिहून द्या.” मग धीर आला. त्या गोष्टी दोन आहेत. एक या वाद्याची, सुमारे पावणेदोनशे वर्षांची. दुसरी माझ्या हातून सुटलेल्या व पुष्कळ वर्षांनी परत हाती आलेल्या रियाजाची. पहिली सांगितल्याशिवाय दुसरी नीट कळत नाही, म्हणून दोन्ही एकत्रच सांगते.

पेटी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती मूळची परदेशी, हे मुद्दाम सांगावे लागते. १८४० च्या सुमारास पॅरिसमधील अलेक्झांडर देबाँ या कारागिराने हे वाद्य सिद्ध केले व त्याला हार्मोनियम हे नाव दिले. पितळेची एक बारीक जीभ, तिच्याखाली तेवढीच चीर आणि त्या चिरेतून जाणारा वारा, एवढेच त्याचे मर्म. वारा गेला की जीभ थरथरते आणि सूर निघतो. जीभ लांब असेल तर सूर खाली, आखूड असेल तर वर. ते वाद्य टेबलासारखे उंच असे. वाजविणारा खुर्चीवर बसून पायांनी भाता हलवी व दोन्ही हातांनी पट्ट्या दाबी. साहेबलोकांबरोबर आणि मिशनऱ्यांच्या प्रार्थनेबरोबर ते हिंदुस्थानात आले.

आपण मात्र जमिनीवर बसून गाणारी माणसे. शिवाय आपल्या गाण्यात एका वेळी एकच सूर चालतो, त्याला दोन हातांचे काम नाही. तेव्हा डावा हात मोकळा झाला आणि पायांचे काम त्याच्याकडे गेले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत ही मांडीजवळ घेऊन वाजविण्याची हातपेटी आपल्याकडे रूढ झाली. तिच्या घडणीत कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांचे व त्यांच्या द्वारकिन पेढीचे नाव मानाने घेतले जाते. परदेशी वाद्याला आपण आपल्या बैठकीला बसविले, असेच म्हणावयाचे.

महाराष्ट्रात पेटी घरोघर नेली ती नाटकाने. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास रंगभूमीवर आले आणि पुढची पन्नास वर्षे महाराष्ट्र नाटकांतली पदे गुणगुणत राहिला. रंगमंचापुढे पायपेटी आणि ऑर्गन आले. घरच्या माजघरात तीच पदे हातपेटीवर वाजू लागली. या काळातले पेटीचे सर्वांत मोठे नाव गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचे. भास्करबुवा बखले यांच्या गाण्याला ते साथ करीत. १९११ सालच्या ‘मानापमान’ नाटकाच्या पदांना चाली त्यांच्या. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला, त्याचे संगीत त्यांचे आणि त्यातला हरिश्चंद्रही तेच.

बोलपट आले आणि नाटक मंडळ्या एकेक करून मोडल्या. माझ्या वडिलांनी सांगलीच्या आमच्या घरी जी पेटी आणली, ती अशाच एका मोडलेल्या मंडळीच्या सामानातली, असे ते सांगत. तिच्या एका पट्टीचे हस्तिदंती पान उडालेले होते. मी दहा वर्षांची होते, म्हणजे ही गोष्ट १९५८ सालची.

आम्हाला शिकवायला येत ते विठ्ठलमंदिरात कीर्तनाला साथ करणारे गृहस्थ. त्यांना आम्ही पेटीकाका म्हणत असू. पहिला महिनाभर त्यांनी मला एकच पट्टी दाबावयास लावली, काळी एकचा सा. बोटांकडे त्यांचे लक्षच नसे. लक्ष सगळे डाव्या हाताकडे. भाता पुढे जाताना आणि मागे येताना सूर तिळभरही हलता कामा नये. मला कंटाळा येई. मग अलंकार, पलटे, आणि वर्षाने एक अभंग. तो मला बसला असे वाटले, तेव्हा काका स्वतः गाऊ लागले आणि मला म्हणाले, “आता वाजव.” मी माझ्या माझ्या वाजवीत पुढे गेले. ते थांबले. “पोरी, तू वाजवतेस, साथ करीत नाहीस. गाणारा कुठे जातो ते पाहा आणि त्याच्या मागून जा. तो चुकला तर त्याला उघडा पाडू नकोस.” त्या वयात या बोलण्याचे मोल मला कळले नाही.

आता या वाद्यावरच्या आक्षेपाकडे येते. भगिनींनो, तो आक्षेप खोटा नव्हता. सप्तकाचे बाराशे सूक्ष्म भाग कल्पिले, तर तंबोरा नीट लावल्यावर त्यातून जो नैसर्गिक शुद्ध गंधार ऐकू येतो तो ३८६ व्या भागाच्या आसपास पडतो. पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, त्यामुळे तिचा गंधार ४०० व्या भागावर, म्हणजे चढा. शिवाय एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची मींड तिच्यात नाही. एक पट्टी सुटते आणि दुसरी दबते, मधली वाट कायमची बंद.

या अडचणीशी झुंज घेणारे एक गृहस्थ आमच्या सांगलीकडचेच. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल यांचे थोरले बंधू कृष्णाजी बल्लाळ देवल. डेप्युटी कलेक्टरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडले आणि १९१० साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. क्लेमेंट्स नावाचे एक इंग्रज न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले. दोघांच्या प्रयत्नांतून बावीस श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झाला आणि पुढे ती प्रचारात काही आली नाही. घरोघर राहिली ती तीच, चढ्या गंधाराची.

मग आला १ मार्च १९४०. त्या दिवसापासून ऑल इंडिया रेडिओने आपल्या सर्व केंद्रांवरून पेटी बंद केली. एकट्याने वाजविणे तर नाहीच, साथही नाही. त्या वेळी रेडिओचे प्रमुख लायनेल फील्डन नावाचे इंग्रज होते. म्हणजे परदेशी वाद्याला परदेशी माणसाने बाहेर काढले, अशी ही गंमत. पण दोष एकट्या इंग्रजाचा नव्हे. रवींद्रनाथ ठाकुरांचा या बंदीला पाठिंबा होता, आणि पंडित नेहरूंनाही पेटी आवडत नसे. स्वातंत्र्य आले तरी बंदी राहिलीच. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांकडे होते, तेव्हाही ती उठली नाही. गायकांच्या साथीला सारंगी व व्हायोलिन असे.

मी १९६६ साली, अठराव्या वर्षी, एका संगीत वर्गात नाव घातले. पहिल्याच दिवशी तेथील शिक्षकांनी विचारले, “आतापर्यंत काय केलेस?” मी अभिमानाने पेटी म्हणाले. ते हसले. “जे वाद्य रेडिओसुद्धा दारात उभे करीत नाही, त्यावर आठ वर्षे घालवलीस? कान बिघडले असतील तुझे.” त्यांनी गंधाराचे गणितही समजावून सांगितले. ते बरोबर होते, म्हणूनच अधिक लागले. घरी येऊन मी पेटी उघडली, सा लावला आणि गंधारावर बोट ठेवताच तो मला वाईट ऐकू आला. आठ वर्षे जो सूर मला गोड लागला, तो एका दुपारीत आंबला. त्यानंतर काही दिवस मी बसे, पण मन लागेना. एक तासाचा अर्धा झाला, अर्ध्याचा पाव झाला. मग सणावारीच झाकण उघडू लागले.

तरी चार वर्षे पेटी घरात राहिली, कारण ती आणखी एका कामाची होती. त्या काळी मुलगी पाहावयास आलेली मंडळी ‘गाणे येते का? पेटी वाजविता का?’ असे विचारीत. मीही दोन-तीन वेळा मंडळींसमोर एक नाट्यपद वाजवून दाखविले. १९७० साली लग्न ठरले आणि पेटीचे तेही काम संपले. मुंबईला दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ती माझ्याबरोबर आली आणि सरळ माळ्यावर गेली. कुणी मला ‘वाजवू नकोस’ म्हटले नाही. सासूबाई तर एकदोनदा ‘काढ की ती पेटी’ म्हणाल्या. मीच ‘काढते, काढते’ म्हणत राहिले.

आणि १९७१ साली ती बंदी उठली! सुरुवातीला साथीपुरती, तीही निवडक कलावंतांना. पण उठली. एकतीस वर्षांचा अबोला संपला. एका सकाळी रेडिओवरच्या गाण्यामागे मला पेटी ऐकू आली. मी स्टोव्हपाशी होते. हात थांबले, क्षणभर पेटीकाका आठवले. मग दूध वर आले आणि मी ते उतरविले. माळ्यावरची पेटी मात्र मी उतरविली नाही.

ही गोष्ट मला पुढे पुष्कळ वर्षे टोचत राहिली. माझा रियाज रेडिओच्या बंदीने सुटला असे मी समजत होते. मग बंदी गेल्यावर तो परत का आला नाही?

याचे उत्तर मला इतिहासातच सापडले. त्या बंदीच्या काळात कोण कोण पेटीचा रियाज करीत होते ते पाहा. १९४० साली मधुकर पेडणेकर, म्हणजे पी. मधुकर, चोवीस वर्षांचे होते. पु. ल. देशपांडे एकवीस वर्षांचे. पुढे ते आकाशवाणीच्या नोकरीत गेले, पण मैफलीत पेटी हौसेने वाजवीत राहिले. आप्पा जळगावकर अठरा वर्षांचे, गोविंदराव पटवर्धन पंधरा वर्षांचे आणि मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर अवघे सहा वर्षांचे होते. म्हणजे जळगावकर, पटवर्धन व बोरकर यांची बोटे तयार होण्याची सारी वर्षे नेमकी या बंदीत गेली. देशातल्या सर्वांत मोठ्या ध्वनिक्षेपकाने ‘तुमचे वाद्य नको’ असे सांगितले असताना ही माणसे रोज भाता हलवीत होती. आणि वाद्य कुठे पोचले? बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली.

त्यांना बळ कशाचे होते? मान रेडिओकडून मिळत नव्हता हे खरेच. पण रेडिओ म्हणजे सारे जग नव्हे. रात्री नाटकाचा प्रयोग असे, तेथे ऑर्गनवर माणूस हवाच असे. देवळात कीर्तनकार उभे राहिले की बाजूला पेटी लागे. भजनाला, कव्वालीला, लावणीला, शाळेच्या प्रार्थनेला पेटी लागे. खासगी मैफलीत भीमसेन जोशींसारख्या गायकांना जळगावकरांची साथ हवी असे. पेटीला साऱ्या महाराष्ट्रात कुणी ना कुणी रोज बोलावीत होते. शास्त्रात तिला दोष होता, पण व्यवहारात तिची वाट पाहिली जात होती. आणि वाट पाहणारे असले की माणूस आदल्या दिवशी बसून बोटे फिरवितोच.

माझ्या बाबतीत तसे कुणी नव्हते. पेटीकाका होते तोवर उद्या ते येतील आणि गातील, हे मला ठाऊक असे. ते थकून यावयाचे थांबले ते १९६५ साली, वर्गातल्या त्या हसण्याच्या आधी एक वर्ष. हा हिशेब मी फार उशिरा केला. हसण्याने झाले ते एवढेच, की आधीच सैल झालेला खिळा निघाला.

१९९४ साली, आषाढी एकादशीच्या महिनाभर आधी, आपल्या भजनाला पेटीवर बसणाऱ्या भगिनींच्या यजमानांची बदली झाली. तेव्हाच्या कार्यवाह बाई संध्याकाळी आमच्याकडे आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “तुमच्याकडे पेटी आहे म्हणे. तुम्हाला येते का, ते मी विचारीत नाही. एकादशीला आम्हाला सूर धरायला कुणीतरी हवे.” चोवीस वर्षांनी पेटी माळ्यावरून खाली आली. भात्याचे कापड उंदरांनी कुरतडले होते. तीन पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या. गंधार तर मुकाच होता.

दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने पुढची फळी उघडून सुरांची रांग दाखविली. गंधाराच्या जिभेखाली लोकरीचा एक बारीक धागा अडकला होता, तो त्याने सुईने काढला. मग कानस घेऊन बसला. जिभेचे टोक किंचित घासले की सूर चढतो, मूळ घासले की उतरतो, हे मी तेथे प्रथमच पाहिले. पैसे घेताना तो म्हणाला, “बाई, पेटी वाजवून बिघडत नाही, ठेवून बिघडते.”

आणखी एक अडचण होती, ती मला बसल्यावर कळली. मी शिकले ते काळी एकमध्ये, कीर्तनकारांच्या पट्टीत. आपल्या भगिनी तेव्हा काळी चारमध्ये गात. सा बदलला की प्रत्येक बोटाची जागा बदलते. शेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा पहिलीत बसले. तासभर बसावयाचे असे ठरविले आणि तिसऱ्याच दिवशी मोडले. मग काकांची रीत आठवली. सकाळी डबे गेल्यावर वीस मिनिटे, त्यांतली पहिली पाच नुसता सा, डाव्या हातासाठी. उरलेल्या वेळात एकच अभंग, गाणाऱ्या बायकांचा संथपणा मनात धरून. गंधार पूर्वीइतकाच चढा होता, फक्त मी त्याच्याकडे पाहत बसले नाही. गाणाऱ्या गळ्यात गंधार आपल्या जागी लागतो, आणि पेटी हलकी वाजविली की ती त्याच्या आड येत नाही. काकांनी सांगितलेले ‘मागून जा’ याचा अर्थ हा होता.

एकादशीला मी दोन ठिकाणी चुकले. भगिनी गात राहिल्या. त्यांनी मला उघडे पाडले नाही.

त्यानंतर मंगळवार फारसा चुकला नाही, २०२० च्या मार्चपर्यंत. टाळेबंदी झाली, भजन बंद पडले. आता वेळच वेळ होता, पेटी समोर होती आणि अडविणारे कुणी नव्हते. तरी तीन आठवड्यांत माझा रियाज सुटला! मोबाईलवरून सगळ्याजणींनी एकत्र गाऊन पाहिले, पण आवाज एकमेकींकडे क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळे साथ जुळेना. शेवटी एकीने सुचविले की मी अभंगाची नुसती पेटी वाजवून ध्वनिमुद्रण पाठवावे, म्हणजे ज्या त्या घरी त्यावर गातील. सोमवारी रात्रीपर्यंत पाठवावयाचे ठरले, आणि सोमवारी सकाळी मी आपोआप पेटीपाशी बसले. एक भगिनी तेव्हा घरात एकट्या होत्या. त्या म्हणाल्या, “तुमची पेटी लागली की खोलीत कुणीतरी आल्यासारखे वाटते.”

आज मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. तीस वर्षांत आपल्या भजनाचा सा काळी चारवरून उतरत पांढरी चारवर आला. आपण सगळ्याच त्याबरोबर उतरलो, म्हणून कुणाला जाणवले नाही. माझी बोटे थंडीत अखडतात आणि वीस मिनिटांची पंधरा झाली आहेत.

नव्या भगिनी मला विचारतात, “शिकलेले सुटले आहे, पुन्हा मन लागत नाही, काय करावे?” सतार, पेटी, कुणाचे व्हायोलिन, प्रत्येकीच्या घरी काहीतरी बंद पडलेले असते. मन लागण्याची वाट पाहू नका, एवढेच मी सांगते. वाट पाहणारी माणसे शोधा. एखादी गाणारी शेजारीण, प्रार्थना म्हणणारी नात, कुणीही चालेल. आणि अशी माणसे हवीच असतील, तर मंगळवारी दुपारी चार वाजता मंडळात या. माळ्यावरची पेटी घेऊन या. कारागिराचा पत्ता मी देईन.